आधी तुझा फॉर्म दाखव

आपल्याकडे पदवी हातात पडेपर्यंत सगळं मार्कांवर चालतं. अकरावी दहावीच्या मार्कांवर, इंजिनिअरिंग सीईटीवर, मेडिकल नीटवर. राज्यातल्या बहुतेक एमबीएच्या जागाही सीईटी सेलच्या कॅप राउंडमधून, म्हणजे राज्याच्या सामायिक प्रवेश फेऱ्यांतून, भरतात. पुणे विद्यापीठाचं पुम्बा असो की मुंबईतलं जमनालाल बजाज, एमबीएला गुणवत्ता यादीत नाव लागलं की काम झालं, तुमचं तोंड कोणी बघत नाही. मग एखादी मुलगी आयआयएम, सिम्बायोसिससारख्या एमबीए संस्थांसाठीची कॅट, स्नॅप किंवा झॅट परीक्षा देते, पर्सेंटाइल बरे पडतात आणि जानेवारी-फेब्रुवारीत मुलाखतीचं बोलावणं येतं. बावीस-तेवीस वर्षांत पहिल्यांदाच दोन-तीन अनोळखी माणसं समोर बसून तिला विचारणार असतात की बाई, तू कोण आणि तुला इथे का यायचंय. (इंजिनिअरिंगच्या ओरल्स मी धरत नाही. तिथे एक्स्टर्नलला जेवणाच्या सुट्टीआधी अख्खी बॅच संपवायची असते.)

मी एका सरकारी बँकेत नोकरी केली आणि शेवटची बरीच वर्षं भरतीच्या नि बढतीच्या मुलाखतींच्या पॅनेलवर बसले. निवृत्तीनंतर कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीतली मुलं मॉक इंटरव्ह्यूसाठी, म्हणजे सरावाच्या मुलाखतीसाठी, येऊ लागली, मग त्यांचे मित्र, मग मित्रांच्या चुलतबहिणी. फी नाही, चहा मिळतो. येणारं प्रत्येक पोर वर्तमानपत्रांची कात्रणं आणि क्लासने दिलेली शंभर प्रश्नांची पीडीएफ घेऊन येतं. मी ती बाजूला ठेवायला लावते आणि म्हणते, आधी तुझा फॉर्म दाखव.

प्रश्नपत्रिका कोण काढतं

पॅनेलवरची माणसं तुमचा अभ्यास करून आलेली नसतात. तुमचा फॉर्म बहुतेक वेळा तुम्ही खोलीत शिरता शिरताच उघडला जातो. सकाळपासून सात-आठ मुलं होऊन गेलेली असतात, चहा गार झालेला असतो. मग बोट फॉर्मवरून फिरतं आणि जिथे काही वेगळं दिसेल तिथे थांबतं. म्हणजे प्रश्नपत्रिका तुम्हीच, दोन महिन्यांपूर्वी, शेवटच्या तारखेच्या रात्री, घाईघाईत काढून ठेवलेली असते.

म्हणून फॉर्मची प्रिंट काढा. मोबाइलवर वाचून चालणार नाही, कागदच हवा. प्रत्येक ओळीखाली पेन्सिलीने पाच प्रश्न लिहा, जिन्यात गाठणाऱ्या चौकस काकू विचारतील तसे. कॉलेज हेच का? तिसऱ्या सेमिस्टरला मार्क का घसरले? मधलं वर्ष कुठे गेलं? ही नोकरी आठ महिन्यांत का सोडली? उत्तरं लगेच लिहायची नाहीत. आधी नुसते प्रश्न, दोन-तीन बैठका घेऊन. मार्क घसरल्याचं कारण एका वाक्यात द्यायचं आणि थांबायचं, रडगाणं लांबवलं की पॅनेलला पुढचा प्रश्न तिथेच सुचतो.

छंदाची ओळ सगळ्यात धोक्याची. पुण्यातला फॉर्म आणि त्यात ट्रेकिंग नाही असं सहसा होत नाही. रविवारी सिंहगडावर जाऊन भजी खाऊन येणं हे ट्रेकिंग नव्हे, हे पॅनेललाही ठाऊक असतं. तुम्ही राजगड लिहिला असेल तर पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या माच्या डोळ्यांसमोर हव्यात, आणि राजधानी तिथून रायगडाला का हलली असेल यावर तुमचं स्वतःचं काही म्हणणं हवं. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांत राजगड आणि लोहगड आहेत, सिंहगड आणि तोरणा नाहीत, आणि एक किल्ला, जिंजी, थेट तमिळनाडूत आहे. एवढं कळलं की खरा प्रश्न येतो, कारण समोर बसलेली माणसं इतिहासाची नाहीत, मॅनेजमेंटची आहेत. गर्दी वाढली तर गडावर रोज किती माणसं सोडायची? ते कोणी ठरवायचं? पायथ्याला गुंजवण्यात घरगुती जेवण देणाऱ्या बायकांचं त्यात नुकसान झालं तर? या प्रश्नांना बरोबर उत्तर नाही, पण ज्याने तिथल्या वाटेवर प्लॅस्टिकच्या बाटल्या पाहिल्यात त्याला दोन मिनिटं बोलता येतं. ज्याने इंटरनेटवरून छंद उचललाय त्याला येत नाही.

दुसरी ओळ गावाची. लातूरची एक मुलगी आली होती, पुण्यात शिकलेली. मुलाखत पुण्यात म्हणून ती पुण्याची माहिती पाठ करून आली होती. मी विचारलं, २०१६ साली तुमच्याकडे प्यायला पाणी कुठून आलं? तर तिला सगळं आठवत होतं. मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी, टँकरची वाट बघत लावलेली घागरींची रांग, शाळेतून आल्यावर त्या रांगेत उभं राहण्याची तिची पाळी. मग हे बोलत का नाहीस, तर म्हणाली, "काकू, हे काय इंटरव्ह्यूत सांगायचं असतं?" हेच सांगायचं असतं. आम्ही बसून मांजरा धरण, त्याच्या भोवतीचा ऊस, सोयाबीनचे भाव, १९९३ चा किल्लारीचा भूकंप, बारावीचा लातूर पॅटर्न असं सगळं एका कागदावर काढलं. पाणी कमी असलेल्या जिल्ह्यात ऊस का लावतात, हा एकच प्रश्न अर्थशास्त्राच्या तासाला पुरेल. साखर कारखाना, खात्रीचा भाव, बँकेचं कर्ज, राजकारण, सगळं त्यात येतं.

तुमचं गाव लासलगाव असेल तर कांदा, इचलकरंजी असेल तर यंत्रमाग, सांगली असेल तर हळद, जळगाव असेल तर केळी. पुण्याच्या मुलांची पंचाईत होते, कारण त्यांना वाटतं पुणं सगळ्यांना माहीतच आहे. मग मी विचारते, तुझ्या नळाला पाणी कुठून येतं? खडकवासला एवढं म्हणून गाडी थांबते. पानशेत, वरसगाव, टेमघर ही नावं यायला हवीत, आणि तेच पाणी पुढे दौंड-इंदापूरच्या शेतीलाही जातं हे कळायला हवं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं हे आजीने सांगितलेलं असतं, पण शहर त्यानंतर कसं वाढलं हे विचारलं तर शांतता. चाकणला गाड्यांचे कारखाने, हिंजवडीला आयटी, हडपसरला लस बनवणारी सिरम, आणि या सगळ्यांना जोडणारी वाहतूक दुचाकीवर. मेट्रो ६ मार्च २०२२ ला वनाझ ते गरवारे कॉलेज अशी सुरू झाली. तुम्ही तिने जाता का? नसाल तर का नाही? स्टेशनपासून घरापर्यंतचं शेवटचं अंतर, हे उत्तर पुस्तकात शोधायला नको, चपला घालून चालून बघता येतं.

जे तुम्ही लपवता

मुलं फॉर्ममध्ये भलतंच लिहितात आणि चांगलं ते लपवतात. एका मुलाने नेतृत्वगुणासाठी लिहिलं होतं, दुसऱ्या वर्षाला वर्गप्रतिनिधी. बोलता बोलता कळलं की हा चार वर्षं ढोल पथकात आहे आणि शेवटच्या वर्षी सराव लावायची जबाबदारी त्याच्याकडे होती. विचारलं तर म्हणाला, ते काय, गणपतीतलं.

गणपतीतलं म्हणजे काय ते बघा. नवीन पोरांचा हात बसवायचा, त्यातली अर्धी दुसऱ्या आठवड्यात गळतात हे धरून चालायचं. पानं फाटली तर बदलायची, दोऱ्या ताणायच्या. मंडळाशी सुपारीचे पैसे ठरवायचे आणि ते वेळेवर वसूल करायचे. मिरवणुकीच्या दिवशी शे-दीडशे माणसांना पाणी, खाणं, कोण कुठल्या चौकापर्यंत वाजवणार त्याची पाळी, पोलिसांची वेळ, आणि कोणाला चक्कर आली तर काय. पगार कोणालाच नाही, त्यामुळे कोणाला दमात घेऊन काम होत नाही. २०२४ साली राष्ट्रीय हरित लवादाने पुण्यातल्या पथकांत तीसच वादक असावेत असं ठरवलं आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. आवाजाचा त्रास होणाऱ्यांची बाजूही त्याला मांडता यायला हवी, नाहीतर पॅनेल तिथेच पकडेल. मी स्वतः त्या दहा दिवसांत खिडक्या लावून घेते, हे त्याला सांगितलंच. पण वर्गप्रतिनिधीपदावर तो दोन वाक्यं बोलला होता, पथकावर वीस मिनिटं.

पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेला लाइट्स केलेत, मंडईतल्या घरच्या गाळ्यावर हिशोब लिहिलाय, आजारी आजोबांच्या मेडिक्लेमचे कागद स्वतः फिरवलेत, हे सगळं कामाचं आहे. मात्र नसलेलं लिहू नका. दुसऱ्या प्रश्नाला उघडं पडतं, आणि मग खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

स्वतःबद्दल सांगा

हा प्रश्न येणारच. चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीत काम करणारा एक मुलगा यावर घडाघडा बोलून गेला. आय अ‍ॅम हार्डवर्किंग, आय अ‍ॅम अ टीम प्लेअर, माय स्ट्रेंग्थ इज. मी त्याला थांबवलं आणि मराठीत विचारलं, सकाळी कंपनीत गेल्यावर पहिलं काय करतोस?

तो म्हणाला, रात्रपाळीचं रिजेक्शन बघतो. मोठ्या कंपनीकडून लॉट परत आला की एट-डी रिपोर्ट, म्हणजे चूक का झाली आणि त्यावर काय केलं त्याचा अहवाल, मलाच भरावा लागतो. मध्यंतरी एका भागाचा बोअर, म्हणजे आतलं भोक, पाळी संपताना हमखास मापाबाहेर जायचा. ऑपरेटरला सगळे शिव्या द्यायचे. मी तीन पाळ्यांच्या वह्या शेजारी ठेवल्या तर दिसलं की टूल बदलायची वेळ पाळी बदलण्याच्या वेळेवर येते. जाणारा म्हणतो येणारा बदलेल, येणाऱ्याला वाटतं बदललंय. आम्ही टूल बदलायची वेळ अलीकडे घेतली.

मग एमबीए कशाला?

"कारण आमच्याकडून दरवर्षी भाव कमी करून मागतात, आणि तो भाव ज्या खोलीत ठरतो तिथे मला कोणी बोलवत नाही."

हे उत्तर झालं. यात तो काय करतो, त्याने काय केलं आणि त्याला कुठे अडतंय, तिन्ही आलं. दीड मिनिटात बसतं. शाळेचं नाव, वडिलांची नोकरी, बहीण काय शिकते, हे त्यात नको, विचारलं तर सांगता येतं. उत्तर शब्दशः पाठ करू नका. चार मुद्दे लक्षात ठेवा आणि प्रत्येक वेळी वाक्यं नवी होऊ द्या. पाठ केलेलं बोलताना माणसाची नजर छताकडे जाते, ते टेबलाच्या या बाजूने लगेच दिसतं.

आयटीतल्या मुलांना मी एकच प्रश्न विचारते. तुझा कोड उद्या बंद पडला तर कोणाचं काय अडेल? बऱ्याच जणांना ते सांगता येत नाही. क्लायंट कुठल्याशा परदेशी बँकेचा, आपण मॉड्यूल सांभाळतो, पुढे धुकं. मुलाखतीआधी मॅनेजरला चहाला न्या आणि विचारून घ्या.

पदवी झाली म्हणजे सुटलात असं नाही

चार वर्षं जे शिकलात ते विचारतात, आणि फ्रेशर असाल तर जास्तच. अख्खा अभ्यासक्रम पुन्हा वाचणं शक्य नाही. दोन विषय निवडा, आवडता विषय विचारला की तेच सांगा, आणि ते मुळापासून करा. मेकॅनिकलवाल्याला ऑटो आणि डिझेल सायकलमधला फरक काढून दाखवता यावा, आणि थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम घरातल्या फ्रिजवर समजावता यावा. कॉमर्सवाल्याला विचारतील, नफ्यात असलेली कंपनी पैशांअभावी बंद कशी पडते? घसारा खर्चात धरतात पण खिशातून पैसे जात नाहीत, ते कसं? पुण्याचा माल बेळगावला गेला तर कुठला जीएसटी लागतो? शेवटचा प्रश्न साधा आहे, राज्याबाहेर गेला की आयजीएसटी, पण १ जुलै २०१७ पासून लागू असलेली गोष्ट बी.कॉम. झालेल्याला चाचरत सांगावी लागली की बरं दिसत नाही.

बातम्या

इथे मी जरा रेंगाळणार, कारण माझं क्षेत्र. मुलांना रेपो रेटचा, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते त्याचा, आकडा पाठ असतो. मी विचारते, तुझ्या घरचं गृहकर्ज आहे ना, रेपो पाव टक्क्याने उतरला तर हप्ता कधी आणि का बदलेल? आकडा पाठ असलेला तिथे गप्प होतो. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवीन फ्लोटिंग दराची गृहकर्जं बँकेबाहेर ठरणाऱ्या एखाद्या दराशी (बेंचमार्कशी) जोडावी लागतात, आणि बहुतेकांनी रेपोच घेतला. त्याआधीचं जुनं कर्ज एमसीएलआरवर, म्हणजे बँकेने स्वतःच्या खर्चावरून काढलेल्या दरावर, असेल तर उतरलेला दर उशिरा पोचतो. वडिलांना विचारा, कर्जाचा कागद काढून बघा. अनेक घरांत हप्ता तोच राहतो आणि मुदत कमी-जास्त होते, हे तिथेच कळेल. मग रेपो ठरवणारी सहा जणांची पतधोरण समिती, चार टक्के महागाईचं लक्ष्य आणि त्याच्या वर-खाली दोन टक्क्यांची मुभा, हे सगळं आपोआप डोक्यात बसतं. फायनान्सला जायचंय म्हणणाऱ्या पुण्याच्या मुलाला रुपी या इथल्याच सहकारी बँकेबद्दल माहीत नसेल तर मला आश्चर्य वाटतं. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये तिचा परवाना रद्द केला. ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, २०२० च्या फेब्रुवारीआधी तो एक लाख होता, आणि या दोन आकड्यांमधला फरक म्हणजे एखाद्या पेन्शनरची आयुष्याची पुंजी.

सगळ्या बातम्या वाचायच्या नाहीत. चार विषय धरा, प्रत्येकाला तुमच्या घराशी, कामाशी किंवा गावाशी जोडणारा एक धागा शोधा. लेखी फेरीतही, ज्याला बहुतेक ठिकाणी वॅट म्हणतात, हेच कामी येतं. विषय कितीही मोठा असो, तुमच्या माहितीतलं एक ठोस उदाहरण आणि एक स्पष्ट बाजू. दोन्ही बाजू मांडून शेवटी "काळच ठरवेल" असं लिहिणाऱ्यांची वही मी पटकन मिटते.

अंदाजाचे प्रश्न

कर्वे रोडवरच्या एका पंपावर रोज किती पेट्रोल विकलं जातं? असं विचारलं की मुलं घाबरतात. इथे उत्तर कोणालाच माहीत नसतं, विचारणाऱ्यालाही. तुम्ही पायऱ्या कशा पाडता ते त्याला बघायचं असतं, म्हणून मोठ्याने विचार करा.

समजा पेट्रोलचे आठ नोझल. एका गाडीला दोन मिनिटं, म्हणजे एका नोझलवर तासाला तीस, आठांवर दोनशे चाळीस. अशी पूर्ण गर्दी सकाळ-संध्याकाळ मिळून चार तास, साडेनऊशे गाड्या. उरलेले दहा तास चौथाई गर्दी, सहाशे. दिवसाला साधारण दीड हजार. त्यांतल्या बाराशे दुचाकी धरू, प्रत्येकी दोन लिटर, दोन हजार चारशे. तीनशे चारचाकी, पंधरा लिटर, साडेचार हजार. एकूण सात हजार लिटरच्या आसपास. आता उत्तर पडताळायचं. टँकर बारा हजार लिटरचा धरला तर तो पावणेदोन दिवसांनी यायला हवा. एवढ्या मोठ्या रस्त्यावरच्या पंपाला हे पटण्यासारखं आहे. हा शेवटचा टप्पा बहुतेक मुलं सोडतात आणि नेमका तोच पॅनेलला आवडतो. वाटेत कोणी म्हणालं, "दुचाकी एवढ्या?" तर वाद घालू नका, आकडा बदला आणि पुढचं गणित पुन्हा करा.

इंग्रजी

मराठी माध्यमातल्या मुलांची ही भीती मी इतक्या वेळा ऐकली आहे की आता त्यावर फार वेळ घालवत नाही. पॅनेलला तुमचे उच्चार लंडनचे नको आहेत. वाक्यं आखूड ठेवा, सावकाश बोला, क्रियापद नीट लावा. एक सराव मात्र रोज करा. तुमची माहिती मराठीत असते, म्हणून सकाळी मराठी पेपरातली एक बातमी वाचा, पेपर मिटा आणि ती इंग्रजीत दोन मिनिटं मोबाइलमध्ये रेकॉर्ड करा. दुसऱ्या दिवशी ऐका. "बेसिकली" आणि "अ‍ॅक्च्युअली" किती वेळा आलं ते मोजा. शब्द अडला तर साध्या शब्दांत वळसा घालून सांगायचं, थबकायचं नाही.

आणि माहीत नसेल तर "आय डोन्ट नो, सर" हे चार शब्द स्वच्छ म्हणायला शिका. मान खाली घालून पुटपुटायचं नाही, हसून उडवायचं नाही. अंदाज करता येण्यासारखा असेल तर अंदाज करू का असं विचारा. पॅनेलवरचा एखादा मुद्दाम उलटं बोलतो, तुमचं म्हणणं खोडतो. त्याचं पटलं तर तसं म्हणा, नाही पटलं तर कारण द्या. तो मुद्दा सोडून त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसलात तर अडकलात.

मॉक कोणाकडे द्यायचा

मित्रांकडे द्या, पण फक्त मित्रांकडे नको. ते तुमच्यासारखेच, तीच पीडीएफ वाचलेले. तुमच्या क्षेत्राशी संबंध नसलेली दोन माणसं शोधा. सोसायटीतले सीए, निवृत्त मुख्याध्यापिका, औषधांचं दुकान चालवणारे काका. त्यांना फॉर्म द्या आणि म्हणा, यातलं जे कळत नाही ते विचारा. दुकानदार फार चांगले प्रश्न विचारतात, त्यांना पैशांचं कळतं. आईवडिलांना पॅनेलवर घेऊ नका. एका मुलाचे बाबा माझ्या हॉलमध्ये बसून आतल्या खोलीतल्या प्रश्नांची उत्तरं मोठ्याने देत होते, आणि वाईट म्हणजे ती बरोबर होती. मॉक रेकॉर्ड करा आणि एकदा आवाज बंद करून बघा. पाय हलवता, पेन टकटकवता, हे तेव्हाच दिसतं. पाच-सहा मॉक पुरे, त्यापुढे माणूस पाठांतराला लागतो.

कागद

याचा कंटाळा येतो आणि इथेच जागा जातात. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आपल्याकडे आडनाव आधी असतं, आधार नि पॅनवर शेवटी. फॉर्ममध्ये नाव कसं मागितलंय ते वाचूनच भरा आणि सगळीकडे एकसारखं ठेवा. आयआयएमसारख्या केंद्रीय संस्थांना ओबीसी नॉन-क्रीमी लेअरचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. राज्याच्या प्रवेशासाठी काढलेला चालत नाही, वेगळा काढावा लागतो, आणि तुमची जात केंद्राच्या यादीत आहे ना हेही बघावं लागतं. मराठा समाजासाठीचं राज्याचं एसईबीसी आरक्षण केंद्रीय संस्थांत लागू होत नाही. ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा, दाखलाही केंद्राच्या नमुन्यातला हवा. दाखल्याची तारीख संस्थेने दिलेल्या मुदतीत बसते का ते तपासा. हे काम बोलावणं आल्यावर सुरू करू नका. तहसील कचेरी तुमच्या मुलाखतीच्या तारखेवर चालत नाही. अनुभवाचं पत्र एचआरकडून लेटरहेडवर, सहीसकट घ्या.

त्या दिवशी

पत्ता नीट वाचा. सिम्बायोसिसच्या सगळ्या संस्था सेनापती बापट रस्त्यावर नाहीत. एसआयबीएम पुणे लवळ्याच्या टेकडीवर आहे, एससीएमएचआरडी हिंजवडीत. हिंजवडीला सकाळचा स्लॉट असेल तर तुम्ही आणि अख्खी आयटी एकाच रस्त्यावर असणार, त्या हिशोबाने निघा. लवळ्याला आदल्या रविवारी एकदा गाडीवर जाऊन या. मुंबईत सकाळी नऊची वेळ असेल तर डेक्कन क्वीनवर विसंबू नका, ती पुण्याहून सव्वासातला सुटते आणि सीएसएमटीला साडेदहाच्या सुमारास पोचते. आदल्या रात्री दादरच्या आत्याकडे मुक्काम करा.

कपड्यांबद्दल एवढंच की ते आधी दोनदा घातलेले असावेत, बूट तर नक्कीच. साडी नेसायची सवय असेल तर नेसा, नसेल तर सलवार कमीज उत्तम. ऑनलाइन मुलाखत असेल तर दिवा समोर ठेवा, पाठीमागे नको, आणि कुकर कधी लागणार ते आईशी आधी बोलून घ्या.

बाहेर आल्यावर घरी फोन करण्याआधी कुठेतरी बसा आणि विचारलेले सगळे प्रश्न क्रमाने वहीत उतरवा, तुम्ही काय बोललात तेही. संध्याकाळपर्यंत निम्मे विसरलेले असतात. पुढची मुलाखत आठवड्याभरात असेल तर ज्या प्रश्नांवर अडलात तेवढेच नीट करा, कारण फॉर्म जवळपास तोच असतो आणि बोटं त्याच ओळींवर थांबतात. आणि ती वही मला आणून दाखवा, मागून येणाऱ्या पोरांना उपयोगी पडते.